उजव्या सीटवरची आई

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहायला बसले.

आज भंडाऱ्यात जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मेळावा होता. आमची साठच्या दशकातली लाल मस्टँग घेऊन मी आणि आई आंधळगावहून गेलो. बाबांनी ती नाकाडोंगरीच्या खाणीतल्या एका साहेबाकडून घेतली होती. बाबा आता नाहीत.

फोटोच्या वेळी गॉगल लावलेला एक आयोजक आईला म्हणाला, "आजी, खाली उतरा. फोटोत फक्त गाडी पाहिजे." वर मला विचारतो, "वडील एकटेच चालवायचे ना?"

एकटे? आणि म्हणे शौकीन! अरे, या अमेरिकन गाडीचं स्टेअरिंग डावीकडे असतं. आपल्या रस्त्यावर पुढे ट्रक असला की तिथून समोरचं काहीच दिसत नाही. ऐंशीच्या दशकात, तुमसर रोडवर, आई उजव्या खिडकीतून मान बाहेर काढून सांगायची, "थांबा जी, बस येऊन राहिली!" तिने "काढा" म्हटल्याशिवाय बाबांनी कधी ओव्हरटेक केलं नाही.

आई बिचारी उतरली. मी तिला परत बसवलं, दार आपटलं आणि फोटो न काढताच निघाले.

येताना पुढे ट्रक आला. मी ब्रेक दाबला. आईने सवयीने मान बाहेर काढली.

"काढ बाई, मोकळा हाय रस्ता."

आता तुम्हीच सांगा, त्या शहाण्याने गाडीतून कोणाला उतरवलं? आजीला, की ड्रायव्हरला?