चारपैकी एक गुण

उरणजवळच्या आमच्या शाळेत दहावीच्या दोन तुकड्या. एकीला मी मराठी शिकवायचे, दुसरीला माझी मैत्रीण. सोळा वर्षं आम्ही एकाच रिक्षातून शाळेत आलो, शेजारी बसून डबा खाल्ला. तिची आई आजारी होती तेव्हा तिचे तास मी घेतले, माझ्या बाळंतपणात माझे तिने. म्हणून पुढे जे झालं ते मला बरेच दिवस खरं वाटेना.

कवितेतली प्रतिमा शिकवताना अर्थ मी कधी सांगत नसे. मुलांना डोळे मिटायला लावून विचारायचे, काय दिसलं? दिसलं ते आधी लिहा, अर्थ मागाहून. कुणी काही चांगलं लिहिलं की मी ते एका जाड वहीत उतरवून ठेवायचे.

त्या वर्षी एका कवितेत कामावरून परतणारी आई होती आणि तिच्या पावलांवर चांदणं पसरलेलं होतं. बहुतेकांनी माया, पावित्र्य असं काहीबाही सांगितलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई मिठागरावर कामाला जायची.

"बाई, ते चांदणं न्हाय," ती म्हणाली. "मीठ हाय."

वर्ग हसला. मी त्यांना गप्प केलं आणि तिला पुढे बोलायला सांगितलं. आई घरी येते तेव्हा तिच्या घोट्यापर्यंत मीठ वाळलेलं असतं. पाणी ओतलं की भेगा झोंबतात, म्हणून ती पाय न धुताच ओट्यावर बसून राहते. कवीने लांबून पाहिलं असेल, म्हणून त्याला ते चांदणं वाटलं, असं तिचं म्हणणं. त्यानंतर त्या तासाला मला दुसरं काही शिकवता आलं नाही. परीक्षेतही हेच लिही, मी तिला सांगितलं.

सराव परीक्षेचे पेपर आम्ही तुकड्या बदलून तपासायचो. मुलीने तेच लिहिलं होतं. मैत्रिणीने चारपैकी एक गुण दिला आणि बाजूला लाल शाईने शेरा मारला, 'प्रतिमेचा अर्थ चुकीचा.' मी विचारलं तेव्हा तिने शांतपणे समजावलं, की बोर्डाचा परीक्षक नमुना उत्तर समोर ठेवून तपासतो, त्याने मिठागर पाहिलेलं असेल कशावरून? मुलीचं नुकसान करू नकोस. तुझी पद्धत मात्र मला फार आवडते, असंही म्हणाली आणि वाचायला म्हणून माझी वही घेऊन गेली.

मला तिचं पटलं. मी मुलीला बोलावून सांगितलं, बोर्डात पावित्र्यच लिही. तिने मान हलवली. का, म्हणून विचारलं नाही.

निकालानंतर ती दाखला न्यायला आली. हातात दहावीचं नवं गाइड होतं, धाकट्या बहिणीसाठी घेतलेलं. मुखपृष्ठावर माझ्या मैत्रिणीचं नाव. मुलीने एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. वर 'आदर्श उत्तर' असं छापलेलं, खाली तिचं मीठ, घोटे, भेगा, लांबून पाहणारा कवी. 'माझी आई'च्या जागी तेवढं 'कष्टकरी स्त्री' झालं होतं.

"बाई, हे माझंच हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मग तवा चूक कसं होतं?"

मी गाइड तिच्या हातातून घेतलं. पुढची पानं चाळली, तर माझ्या वहीतली आणखी कितीतरी मुलं तिथे होती.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला विचारलं. ती गडबडली नाही. चांगलं होतं म्हणून तर घेतलं, म्हणाली; शाळेच्या मुलांची नावं गाइडमध्ये कोण छापतं?

"चांगलं होतं तर एक गुण का दिलास?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "तेव्हा मी पेपर तपासत होते," ती म्हणाली.

वही तिने दोन दिवसांनी शिपायाच्या हाती पाठवली. मी रिक्षा बदलली. प्रकाशकाला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही.

पुढच्या सराव परीक्षेत तिच्या तुकडीचे पेपर माझ्याकडे आले. निम्म्या वर्गाने तेच उत्तर लिहिलं होतं, स्वल्पविरामासकट पाठ केलेलं. ज्यांच्या घरातलं कुणी कधी मिठागरात उतरलं नव्हतं त्यांनीसुद्धा. चूक म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सगळ्यांना चारपैकी चार दिले.

ती मुलगी मला मध्यंतरी एसटी स्टँडवर भेटली. बारावीला आहे. मी तिची माफी मागितली, तुझं ऐकायचं सोडून मी दुसऱ्याचं ऐकलं म्हणून. ती ओशाळून हसली. मराठीत आता चांगले गुण पडतात, म्हणाली.

"आता मी आधी विचारून घेते, बाई. काय लिवायचं ते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यात तिची गाडी लागली आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.