कानावर न आलेलं सुतक

माझी आई सोमवारी गेली आणि मला ते शनिवारी कळलं. मधले दिवस महाडच्या बोर्डिंगातल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं, तिथल्या गुरुजींना ठाऊक होतं, आम्हाला कैरीचं लोणचं पाठवणाऱ्या शेजारच्या काकूंनासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. लोक म्हणतात, जुनं झालं, सोड आता. सोडायला आधी ते हातात तरी यायला हवं ना! मला त्या वेळी रडू आलं नाही आणि नंतरही आलं नाही. राग तेवढा आला, तो अजून आहे.

आम्ही कुडपणचे. वर डोंगरावर नाचणी आणि वरी पिकवायची, आणि पोरगा वयात आला की त्याला मुंबईला गिरणीत धाडायचं, अशी आमच्याकडची रीत. माझ्यासाठीही चुलत्याने तिथे बोलून ठेवलं होतं. पण मला फायनलला बसायचं होतं. फायनल म्हणजे मराठी सातवीची परीक्षा. ती पास झाला की डोंगरातला पोरगा मास्तर होऊ शकत असे. त्यापलीकडे काही असतं हे आम्हाला माहीतही नव्हतं.

महाडातल्या काही तरुण मंडळींनी, त्यात कोणी वकिलाकडचा कारकून तर कोणी दुकानदाराचा मुलगा, आमच्यासारख्या पोरांसाठी ते बोर्डिंग काढलं होतं. घर भाड्याचं, कौलं गळकी. आम्ही आपापल्या घरून तांदूळ आणि नाचणी आणायचो आणि पाळीपाळीने रांधायचो. संध्याकाळी मंडळातलं कोणीतरी येऊन गणितं घालायचं. आमच्या गावाकडच्या बोलण्याला हसायचे नाहीत. एकाला ताप भरला तर त्यांच्यातला एक जण तीन दिवस उशाशी बसला होता. बोर्डिंग चांगलं होतं. हे मला रागारागानेच म्हणावं लागतं, पण खोटं कशाला बोलू? ते नसतं तर मी गिरणीतच गेलो असतो.

परीक्षा बुधवारी सुरू होणार होती. बोर्डिंगातून फायनलला बसणारा मी एकटाच. त्याआधी पंधरा दिवस घरून निरोप होता, आईला ताप येतोय. मी ऐकलं आणि भूमितीचं पुस्तक उघडलं. ताप काय, आमच्याकडे सगळ्यांनाच यायचा.

मंगळवारी दुपारी माझी भाकरीची पाळी होती. बाहेर ओट्यावर बोलणं ऐकू आलं, म्हणून पीठभरले हात घेऊन तसाच गेलो. ओट्याच्या अगदी कडेला बा बसला होता आणि समोर गुरुजी उभे होते. मला बघून दोघेही गप्प झाले.

"कवा आलास?" मी विचारलं.

"आत्ताच. बाजाराला आलो व्हतो."

कुडपणहून महाडच्या बाजाराला कोण येतो? जवळचं पोलादपूर काय ओस पडलं होतं? पण माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. उद्या पेपर, बा आयता आलाय, पाया पडून घेऊ, एवढंच डोक्यात. मी वाकलो. बाने पाय झटकन ओट्याखाली ओढून घेतले.

"नको. शिवू नको मला," तो म्हणाला. "घामानं भरलोय."

माझं टाळकंच फिरलं. मला वाटलं, याच्या डोक्यातून गिरणी अजून गेलेली नाही, म्हणून हा आशीर्वादही द्यायला तयार नाही. मी तिथेच, गुरुजींसमोर, तोंड सोडलं. "आशीर्वाद द्यायचा नव्हता तर आलास कशाला एवढ्या लांब? माझं वाटोळं बघायला?"

गुरुजी म्हणाले, "अरे, आत जा. भाकरी करपतेय." भाकरी खरंच करपत होती. मी आत गेलो. उलटून परत येतो तो बा पोलादपूरच्या मोटारीसाठी निघूनही गेला होता. पाणीही न पिता गेला.

आई कशी आहे, हे मी विचारलं नाही. पोरांनो, हे वाचताना तुम्ही थांबला नसाल तर मागे जाऊन बघा. कुठेच विचारलेलं नाही.

पुढचे तीन दिवस माझी चैन होती. भांडी घासायची पाळी माझी, तर दुसराच घासून मोकळा. शेजारच्या काकूंनी वाटीभर तूप पाठवलं, ते माझ्याच ताटात. आमच्यातला एक दांडगट पोरगा, जो एरवी माझं अंथरूण पळवायचा, तो शाळेच्या दारापर्यंत माझी दौत धरून आला. मला वाटलं, फायनलला बसणाऱ्याचा मान असतो बुवा! मी छाती काढून हिंडत होतो. आयुष्यात एवढा खूश मी फार कमी वेळा होतो. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

शनिवारी सकाळी गुरुजी म्हणाले, चल, तुला घरी पोचवून येतो. पोलादपूरपर्यंत मोटारीने गेलो आणि मग चढ लागला. अर्ध्या वाटेत एका झाडाखाली ते थांबले, उपरण्याने तोंड पुसलं आणि सांगितलं. आई सोमवारी पहाटे गेली. धाकट्या भावाने अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला थोरला हवा म्हणून वडील तुला न्यायला आले होते. मीच त्यांना म्हटलं, सुतक लागतं ते कानावर आल्यावर. पोराच्या कानावर गेलं नाही तर त्याला सुतक नाही, दोष नाही. तीन दिवस थांबा, पोराचा जन्म सुधारेल.

हे आमच्याकडे खरंच मानतात. परमुलुखात असलेल्याला कळेल तेव्हापासून त्याचं सुतक. पण ते आगबोटीने गेलेल्या माणसांसाठी होतं हो! ओट्यावर बापासमोर उभ्या असलेल्या पोरासाठी नव्हतं. ती युक्ती गुरुजींनी काढली, बोर्डिंगातल्या पोरांना दटावून ठेवलं आणि बाने मान डोलावली.

"रड," गुरुजी म्हणाले. "रडून घे बाळ."

मी म्हटलं, "ऊन चढतंय. चला, निघू या." आणि पुढे चालू लागलो. पायाला खडे टोचत होते तेही कळत नव्हतं. गणिताच्या पेपरातलं एक उदाहरण डोक्यात फिरत होतं, दोन नळांनी हौद भरायचं.

घरी बायकांनी गळ्यात पडून आकांत केला. मी खांबासारखा उभा. आतेने डोळे पुसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "पेपर बरं गेलं का रे?" साऱ्या गावाला वाटत होतं की मला सांगूनही मी आलो नाही. बाप महाडापर्यंत जातो आणि न सांगता परत येतो, यावर कोण विश्वास ठेवणार? बा सांगत राहिला, "त्याला ठाऊक नव्हतं." लोक म्हणाले, बाप आहे, पोराला झाकणारच.

मी आतेला म्हटलं, "गेले बरे."

पास झालो. नाते गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, मग उमरठला. मंडळाने दोनदा बोलावलं, आमच्या पोरांसमोर चार शब्द बोला म्हणून. गेलो नाही. आपल्या नात्यातली दोन पोरं मात्र त्याच बोर्डिंगात ठेवली. गुरुजी वाटेत भेटले की नमस्कार करायचो आणि पुढे जायचो.

बाला मात्र मी सोडलं नाही. सुट्टीत घरी गेलो की कुठल्या ना कुठल्या निमित्ताने तेच उकरून काढायचो. गुरुजी परके, त्यांचं सोडा. तू बाप ना? एक शब्द तोंडातून निघाला नाही तुझ्या? बा ऐकून घ्यायचा. वर्षानुवर्षं ऐकून घेतलं त्याने.

एकदा तो पडवीत दोर वळत बसला होता. केस पिकून पांढरेधोप झाले होते. मी पुन्हा सुरू केलं. त्याने दोर पायाच्या अंगठ्यात तसाच ताणून धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर उठून आला असतास?"

'हा काय प्रश्न झाला?' असं म्हणायला मी तोंड उघडलं. आत शोधलं, खरंच शोधलं. आई दिसेना, तिचा ताप दिसेना. सापडलं ते एवढंच.

"बुधवारी गणित व्हतं, बा," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला. रागावला नव्हता. "गुरुजी सुतकाचं काय काय सांगत व्हते, ते माझ्या टाळक्यात नाय शिरलं. मला भ्या एकच व्हतं. तुला सांगितलं आणि तू नाय आलास, तर मी एकटा वर घरला कसा गेलो असतो?"

मग तो पुन्हा दोर वळू लागला.