पोळ्याच्या दिवशी मी बैलावर बसले नाही

आमच्या वरच्या खोलीतले किस्से दोरीवरच्या कपड्यांसारखे आहेत. एक ओढायला जावं, तर चार अंगावर येतात. त्यातले हे थोडे.

सिंदी मेघेत आमचं घर. वरच्या खोलीत सावंगीच्या कॉलेजात डॉक्टरकी शिकणाऱ्या पल्लवी आणि सोनल भाड्यानं राहायच्या. रविवारी दुपारी त्यांचा एक खेळ चाले. पल्लवी लढायांची गोष्ट सांगायची, सोनल म्हणायची 'मी अमुक करते', आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवायचा. एकदा मी वाळलेले पापड काढायला वर गेले, तर सोनल म्हणाली, "ताई, दोघींत मजा नाही. बसा ना." बसले. मला त्यांनी घोडेस्वार केलं.

*

सैनिक म्हणजे चिंचोके. पण माझा घोडा कुठं? मी खाली जाऊन पोराचा तान्ह्या पोळ्याला मिरवायचा लाकडी नंदी आणला, चाकांवरचा. तो त्यांच्या खेळातल्या राक्षसापेक्षा मोठा निघाला.

पल्लवी म्हणाली, "ताई, खेळाच्या पुस्तकात घोडा आहे. बैल नाही."

"पुस्तक का सिंदी मेघेत लिहिलं?"

तिनं घोड्याचे सगळे नियम बैलाला लावले.

*

माझा जीव भित्रा. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मी गॅस बंद करून लांब उभी राहते. खेळात पूल आला. सोनल घोडा दौडवत निघाली. मी बैल थांबवला.

"पूल कोणी बांधला?"

"ताई, मागे दुश्मन आहे," पल्लवी म्हणाली.

"असन. पूल कोणी बांधला?"

तेवढ्यात फासा कमी पडला, पूल मोडला आणि सोनल घोड्यासकट नदीत गेली. ओली होऊन वर आली तेव्हा तिनंच विचारलं, "कोणी बांधला होता गं?"

*

मग नणंद माहेरपणाला आली. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "बाईमाणसानं फासे खेळाचे? थेबी लेकराचा बैल नेऊन?"

सासूबाईंनी ताटावरून मान वर केली नाही. "येत्या रविवारपासून वर जाऊ नको."

मी साडी घेतानाही चार जणांना विचारणारी. पण तोंडातून निघून गेलं, "जाईन मी. तेवढा वेळ मले लेकराले ताप येईन याची भीती वाटत नाई. बाकी सारा हप्ता वाटते."

सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले.

*

त्या पुढचा रविवार पोळ्याचा निघाला. खेळात मोठी लढाई होती, समोर भालेवाल्यांची रांग.

पल्लवी म्हणाली, "ताई, बैलावर बसा आणि घुसा."

"आज पोळा हाये. आज बैलाले काम नाई."

"गोष्टीत पोळा नाही, ताई."

"माह्या बैलाचा हाये."

सोनलनं कपाळ धरलं. "अहो, पायी गेलात तर मराल. मग खेळ संपला तुमचा. नाहीतर बैल त्यांच्यापुढे सोडा आणि पळा. दुसरा मिळेल."

"बसत नाई, अन् सोडतबी नाई."

मी कासरा धरून पायी निघाले. भालेवाल्यांनी मला आणि बैलाला घेरलं. आता फासा टाकायची एकच संधी उरली होती, आणि मी तो मुठीत धरून बसले होते.

तेवढ्यात दारात सासूबाई. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, नंदी रंगवायला न्यायला आल्या होत्या. त्यांनी चिंचोक्यांच्या मधोमध उभा असलेला नंदी पाहिला.

"याले काऊन घेरून राह्यले?"

पल्लवी चाचरत म्हणाली, "आजी, ताई बैलावर बसत नाहीत. पोळा आहे म्हणतात. आता फासा कमी पडला, की त्या मेल्या आणि बैलही गेला."

सासूबाईंनी चप्पल दाराबाहेर काढली, पदर खोचला आणि माझ्या बाजूला मांडी घालून बसल्या.

"पोळ्याच्या दिवशी बैलावर भाला? आण थो फासा इकडं."