पाशामियाँचा कान आणि मच्छिंद्रची पिकप

अंबडला जालना रोडवर माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या भिंतीला लागून पाशामियाँचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक लाकडी टेबल आणि भाग धुवायला रॉकेलचा डबा. पण घनसावंगी, परतूरपासून लोक तिथं गाड्या घेऊन यायचे.

पाशामियाँ कार्बोरेटरचे मिस्त्री. पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनात सोडणारा हा भाग. मिसळण चुकली की गाडी एकतर धूर ओकत पेट्रोल पिते, नाहीतर रस्त्यात बंद पडते. ती जुळवायला पाशामियाँकडं कुठलं यंत्र नव्हतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ते इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. दुसऱ्या हातानं मिक्चरचा स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. मध्येच बोट वर करायचे, म्हणजे कुणी बोलायचं नाही. इंजिन एका लयीत आलं की डोळे उघडायचे. मी वीस वर्षं शेजारी बसून हे बघितलं. ते चुकल्याचं एकदाही बघितलं नाही.

मग गाड्यांतून कार्बोरेटरच निघून गेले. आधी कारमधून, नंतर मोटरसायकलींमधूनही. पाशामियाँचा मुलगा आमेर पुण्याला कंपनीत लागला. तो अब्बांना घरी बसा म्हणायचा, त्याची अम्मी मदिनाचाची पण म्हणायच्या. पाशामियाँ रोज नऊला शेड उघडायचे, टेबल पुसायचे आणि कुणी आलं नाही तर माझ्याकडं येऊन चहा घ्यायचे. राहिलेल्या गिऱ्हाइकांत नेमानं येणारा एकच, मच्छिंद्र.

मच्छिंद्रची घनसावंगीकडं मोसंबीच्या कलमांची नर्सरी आहे. त्याच्या वडिलांनी लिलावात जुनी पेट्रोल जीप घेतली होती आणि मागचा भाग कापून लोखंडी हौदा बसवला होता. तीच त्याची पिकप. सगळा तालुका डिझेलवर गेला तरी त्यानं ती ठेवली, कारण कलमं त्या हौद्यात बरोबर मावतात आणि गाडी बंधाऱ्याच्या कच्च्या वाटेनंही जाते. वडील वारल्यापासून तिला पाशामियाँशिवाय कुणी हात लावलेला नव्हता.

दोन वर्षांमागं दिवाळीनंतर तो आला तेव्हा पिकप दर सिग्नलला, दर गतिरोधकाला बंद पडत होती. पाशामियाँनी कार्बोरेटर उतरवला, मधला दांडा बोटानं हलवला. दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक झिजून मोठं झालं होतं आणि तिथून फुकटची हवा आत शिरत होती. त्यांनी याआधी दोनदा त्यात पितळी बूश बसवले होते. आता तिसऱ्यांदा बसवायला धातूच उरला नव्हता.

नवा घ्यायचा तर कोणता, यात पंधरा दिवस गेले. मी दिल्लीहून एक मागवला, जुन्यासारखाच दिसणारा. पाशामियाँनी त्याचं झाकण काचेवर पालथं ठेवलं आणि कोपरा दाबला. झाकण डुगडुगलं. म्हणाले, हा चार महिन्यांत पेट्रोल गाळंल. मच्छिंद्रला कुणीतरी छोट्या कारचा कार्बोरेटर पट्टी मारून बसवायचा सल्ला दिला होता, त्यानं पेट्रोल वाचतं म्हणून. तो त्यानं आणलाही. पाशामियाँनी तो हातात घेऊन त्याच्या गळ्यातून उजेडाकडं बघितलं.

"मच्छिंदर, आधी इंजिनला दम किती लागतो ते बघायचं," ते म्हणाले. "ह्याचा गळा बारका हाय. रिकामी गाडी पळंल. पन हौदा भरून चढाला लागली का तिचा जीव गुदमरंल."

शेवटी मी जालन्याच्या भंगारबाजारातून मूळ बनावटीचे तीन जुने कार्बोरेटर पोत्यात घालून आणले. पाशामियाँनी ते एक दिवसभर रॉकेलमध्ये ठेवले. मग एकेक उघडून पेट्रोल सोडणाऱ्या जेटवरचे बारीक आकडे भिंगातून वाचले, दांडे हलवून पाहिले, झाकणं काचेवर ठेवून पाहिली. दोन बाजूला सारले. तिसरा पुसून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, हा घालू.

बसवायच्या दिवशी मच्छिंद्र नवा शर्ट घालून आला होता. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. पाशामियाँनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. त्यांनी स्क्रू फिरवला आणि इंजिन अडखळायला लागलं. आणखी फिरवला तशी मागच्या नळीतून काळ्या धुराची पुंगळी निघाली. मला वाटलं, आता उलटा फिरवतील. त्यांनी बोट वर केलं, थोडा वेळ तसेच थांबले आणि डोळे उघडले.

"बघ," ते म्हणाले. "घड्याळावानी."

इंजिन लंगडत होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मच्छिंद्रनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. गेल्या वर्षभरातलं मला एकेक आठवलं. मी भिंतीपलीकडून हाक मारायचो आणि ओ यायची नाही. फोन वाजत राहायचा. मी चहाचं विचारलं की ते पानाचं उत्तर द्यायचे आणि आम्ही हसायचो.

"बराबर झालं, चाचा," मच्छिंद्र मोठ्यानं म्हणाला.

मी पण मान हलवली.

अर्ध्या तासानं मच्छिंद्रचा फोन आला. तो बायपासच्या पंपावर उभा होता, गाडी पुढं निघत नव्हती. मी गेलो. वीस वर्षं नुसतं बघितलेलं काम पहिल्यांदा हातानं केलं. स्क्रू एक फेरा आत घेतला, तसं इंजिन साफ झालं. खरं तर कार्बोरेटर इतका चपखल निवडला होता की माझ्यासारख्याच्या हातानंही ते जुळलं. मच्छिंद्र बॉनेटला टेकून रस्त्याकडं बघत होता. म्हणाला, चाचांना सांगायचं न्हाई. मी कशाला सांगतोय, म्हणालो.

त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी हेच होऊ लागलं. मच्छिंद्र गाडी पाशामियाँकडं आणायचा, कारण आणली नसती तर त्यांनी विचारलं असतं. ते ऐकायचे, फिरवायचे, खूश व्हायचे. मग मी काहीतरी निमित्त काढून पंपावर जायचो. आपण चांगलं करतोय असंच आम्हा दोघांना वाटत होतं. घरी मीनाला, माझ्या बायकोला, मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्यांना कळलं तर त्यांच्यापाशी काय ऱ्हाईल? मी तिच्यावरच चिडलो.

पुढच्या श्रावणात मच्छिंद्र गाडी घेऊन आला तेव्हा पाशामियाँनी नेहमीसारखी सुरू करायला लावली नाही. आधी हात पुसले. मग मिक्चरचा स्क्रू हळूहळू तळाला टेकेपर्यंत आत घेतला. ओठ हलत होते, ते फेरे मोजत होते. तळाला टेकल्यावर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि मला खुणेनं आत बोलावलं.

"मी अडीच फेऱ्यांवर सोडला होता," ते म्हणाले. "आज दीड भरला. मागल्या खेपंला बी दीडच होता. तवा वाटलं, मीच मोजायला चुकलो."

मच्छिंद्रनं टोपी काढून हातात घेतली होती.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

मी बोटांनी दाखवलं, नऊ महिने. ओठांवरूनही कळावं म्हणून मी तोंड त्यांच्याकडं केलं होतं.

पाशामियाँ स्टुलावर बसले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. "मला वाटून राह्यलं होतं," ते सावकाश म्हणाले, "इंजिनंच आता हळू बोलतात."

मच्छिंद्र त्यांच्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं त्यांचा गुडघा धरला. त्याला म्हणायचं असावं की आम्ही फसवलं नाही, तुमचं मन राखलं. पण हे ओरडून सांगता येत नाही. रस्त्यावरून माणसं जात होती. तो नुसता गुडघा धरून बसला. मग पाशामियाँनीच त्याचा हात उचलून बाजूला केला, स्क्रू तळापासून दीड फेरा बाहेर घेतला आणि बॉनेट लावलं. त्या दिवशी त्यांनी कान लावला नाही.

हे कळल्यावर आमेर पुण्याहून आला, त्यांना जालन्याला डॉक्टरकडं घेऊन गेला. कानाचं मशीन मिळालं. ते लावून पाशामियाँ एकदा शेडमध्ये आले आणि माझी मोटरसायकल सुरू करायला सांगितली. थोडा वेळ ऐकलं. मग मशीन काढून खिशात टाकलं. मी वहीवर लिहून विचारलं, काय झालं? ते म्हणाले की सगळे आवाज एकाच पोत्यात भरून डोक्यावर ओतल्यासारखं होतं, त्यातून इंजिन वेगळं काढता येत नाही. दसऱ्याच्या आधी त्यांनी शेड सोडली. भिंग आणि काच तेवढी घरी नेली, बाकीची हत्यारं तिथंच ठेवली. आता तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

मच्छिंद्रची पिकप त्याच कार्बोरेटरवर चालू आहे. यंदा मोसंबीची कलमं गच्च भरून तो अंबडचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढला, कुठंही अडखळला नाही. हे पाशामियाँना कळायला हवं, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, तुम्ही निवडलेला एक नंबर निघाला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान डोलावली आणि कागद घडी करून मला परत दिला. मच्छिंद्रला कलमं किती जगली ते विचारलं. त्यानं बोटांनी सांगितलं. तेवढ्यात दुपारची अजान झाली, ती त्यांना ऐकू गेली नाही. मदिनाचाचींनी आतून येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. ते उठले आणि आम्हाला बसा म्हणून नमाजसाठी हात धुवायला गेले.