मास्तरांना न दाखवलेली खोली

आबामास्तर गेल्याचं पोस्टकार्ड महिन्यापूर्वी कचेरीतच हातात पडलं. शेजारच्या कारकुनाने विचारलं, "कोण वारलं?" मी म्हणालो, "ओळखीचे होते." ओळखीचे…

मसुऱ्याच्या शाळेत मी त्यांचा विद्यार्थी. त्रेपन्न साल असावं. सातवीच्या फायनलचं केंद्र मालवणला. आठ दिवस मला अन्न जात नव्हतं. पुस्तक उघडलं की लगेच मिटून ठेवी. मास्तर रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. परीक्षेच्या आदल्या दुपारीच मला मालवणला घेऊन आले, शिपायाकडून वर्ग उघडून घेतला, माझा नंबर शोधला. "ह्या तुझा बाक. हयसर बसाचा. पाण्याचो माठ थय. आणि ह्यो खिळो वर इलो हा, चड्डी सांभाळ रे!" मला हसू आलं. मी बाकावर बसून पाहिलं. "न बघितल्याचाच भय जास्ती," एवढंच ते म्हणाले. त्या रात्री मी दोनदा भात मागून घेतला.

पुढे शिकलो, मालवणच्याच शिक्षण कचेरीत लागलो. मास्तरांच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं, तेव्हा त्यांचा हजेरीपट खोटा असल्याचा निनावी अर्ज आला. साहेबांपुढे जबाब द्यायचा होता. आदल्या दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी आले. धोतराच्या सोग्याने मान पुसत हळूच म्हणाले, "दत्तू, साहेबाची खोली माका एकदा दाखवशीत? खंय बसाचा, तेवढा बघतंय."

साहेब दौऱ्यावर होते. किल्ली माझ्याच खणात होती. पण आजूबाजूच्या कारकुनांचे टाक थांबले होते… मी पुस्तकी मराठीत म्हणालो, "उद्या शिपाई नेईल, मास्तर. परीक्षा आहे का तुमची?"

"पाटी-पेन्सिल विसरू नका हां!" शेजारचा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

"तां पण खरा," म्हणत मास्तर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलताच आलं नाही. हजेरीपट बिनचूक होता, पण तो समजावून सांगताना त्यांची जीभ अडखळत राहिली. त्या अडखळण्यालाच कबुली मानलं गेलं. शेवटचं वर्ष त्यांनी बदलीच्या गावी, घरापासून लांब काढलं. मी एक पत्रही टाकलं नाही. काय लिहिणार होतो?

पोस्टकार्ड आल्यावर एकदा साहेब नसताना मी ती खोली उघडली आणि जबाब देणाऱ्याच्या खुर्चीत बसलो. खिडकीचा उजेड थेट डोळ्यांत येतो. टेबलापलीकडच्या माणसाचा चेहराच दिसत नाही. खुर्ची वीतभर डावीकडे घेतली की दिसतो.

शिपाई संध्याकाळी ती पुन्हा मधोमध लावतो. सकाळी कुणी यायच्या आत मी सरकवून ठेवतो.