सुईचं टोक

सरुबाईंना आमच्या लाइनवर सगळे मावशी म्हणायचे. महाळुंग्याच्या कंपनीत आम्ही मोटारींची सीट कव्हरं शिवतो. मी लाइन लीडर, म्हणजे वरच्यांची बोलणी खायची आणि ती खालच्यांना ऐकवायची. पन्नाशीची बाई कंत्राटावर का घेतली, म्हणून पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं होतं. कापडाला गोल टोकाची सुई, चामड्याला धारेच्या टोकाची, हे मी पोरींना घसा कोरडा करून शिकवायचे. मावशी मात्र शेजारच्या मशीनचा आवाज ऐकून सांगायच्या, "रोहिणीताई, तिची सुई बोथटलीय."

मशीनची सुई त्यांच्या पोटासाठी होती. जीव होता तो गोधडीच्या सुईत, लांब आणि मोठ्या नेढ्याच्या. लेक सुप्रियाला सातवा महिना लागला होता. पहिल्या नातवंडासाठी दोन जुन्या लुगड्यांचे थर घालून मावशी काठापासून आत फेरे घालत निघाल्या होत्या. रोज जेवणाच्या सुट्टीत किती फेरे झाले ते सांगत आणि आमचे कान किटत.

आमच्याकडे सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवायचे, कुठे सापडले ते लिहायचं, मगच नवी सुई. तुकडा सीटमध्ये राहिला तर कुणाच्या तरी पाठीत घुसेल. त्या दिवशी मावशींची सुई मोडली आणि टोक काही सापडेना. लोहचुंबक फिरवला, कव्हर उसवलं, सगळी लाइन थांबली. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं होतं, अपघाताविना ३६४ दिवस. दुसऱ्या दिवशी वर्ष पुरं होणार होतं, मोठे साहेब येणार होते आणि प्रत्येकीला प्रेशर कुकर मिळणार होता.

मावशींनी उजवा हात पदरात धरला होता. पदरावर रक्ताचा ठिपका होता. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "बोटात गेलंय का?"

"न्हाई ताई," त्या म्हणाल्या. "पोरींचा कुकर जाईल."

एका दमात हो आणि नाही दोन्ही सांगून टाकलं बाईनं. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मी ड्रॉवरमधून जुन्या मोडक्या सुईचं टोक काढलं, वहीत चिकटवलं, ‘मशीनखाली सापडलं’ असं लिहिलं आणि लाइन चालू केली.

जाताना मी म्हटलं, "मावशी, दवाखान्यात जा बरं." त्या हसल्या. "बाभळीचं किती काटे मोडलं पायात. गूळ बांधला की निघतो आपसूक." जन्मभर रानात राबलेल्या बाईला काट्याचं औषध ठाऊक होतं. पण काटा पिकून बाहेर येतो, पोलाद येत नाही. त्यात त्यांना साखरेचा आजार. महिनाभर त्या बोट वर धरून शिवत राहिल्या, मग यायच्या बंद झाल्या. कंत्राटदाराने दुसरी बाई पाठवली. मी चौकशीला गेले नाही. माझी मला लाज वाटत होती, आणि भीतीही.

दोन महिन्यांनी गेटवरून निरोप आला. मावशी उभ्या होत्या. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून काढलेली.

"नातू झाला," त्या म्हणाल्या. "गोधडी मधी हातभर राहिलीय. डाव्या हातानं टाका वाकडा जातोय. सुप्रियाच्या सासूनं दुकानातलं ब्लँकेट आणलं. मऊ हाय, बरं हाय." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मग त्यांनी पिशवीतून औषधाची छोटी बाटली काढली. तळाशी सुईचं टोक होतं.

"राजगुरुनगरच्या डॉक्टरकडनं मागून घेतलं. तुमच्या वहीत लावा, ताई. एवढंच राहिलं हुतं माझ्याकडं कंपनीचं."

मला रडू आवरेना. मावशीच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, त्या चार बोटांनी.

मी आत आले. वहीतलं ते पान काढलं, माझ्या खोट्या टोकाशेजारी खरं चिकटवलं. ‘मशीनखाली’ खोडलं. तिथे लिहिलं, ‘सरुबाईंच्या बोटात’. खाली सही केली आणि वही घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघाले.