भागोजीकाकांनी उचललेला फोन

शिमग्यात देवापुढे गाऱ्हाणं घालावं ते आमच्या भागोजीकाकांनीच. घशाचा कॅन्सर बरा झाला, पण ऑपरेशननंतर त्यांचा आवाज फुटक्या पिपाणीसारखा येऊ लागला. त्यांचा जुना, घुमणारा आवाज आता फक्त मला काढता येतो.

पाच वर्षांनी त्यांनी मुलीसाठी, आरोहीसाठी, स्वतःचा आयुर्विमा उतरवायचं ठरवलं. गोदाकाकीने फॉर्मात आजार लिहूच दिला नाही. विमा कंपनीचा चौकशीचा फोन वाजला तशी ती मला म्हणाली, "मेल्या, तूच बोल त्यांच्या आवाजात. ही पिपाणी ऐकून कोण देणार विमा?"

मी खुशीत घसा खाकरला. काकांनी फोन हिसकावला.

"बाई, मी भागोजी. मला घशाचा कॅन्सर झालेला. आम्ही लपवला, आता लिहून घ्या. उद्या मी गेलो नि तुम्ही पोरीला रिकाम्या हाताने परत पाठवलंत, तर काय उपयोग?"

 पलीकडची बाई म्हणाली, "सावकाश सांगा काका, घाई नाही."

सगळे रिपोर्ट तपासून दोन महिन्यांनी पॉलिसी आली, हप्ता चढा लावून. काकांनी ती आरोहीला मोठ्याने वाचून दाखवली. मध्येच आवाज बसला, की ती पानावर बोट ठेवून थांबायची.